वार्धक्य, मनाचे विकार आणि सरकारी विमा

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे कीं, ती उच्चारणाराला आपण कोणावर अन्याय करीत आहों याची शंकाहि येत नाहीं. घरांतील वडील माणूस चारचौघांत बोलेनासें झालें, जेवणाचें ताट समोर आलें तरी त्याचा हात पुढें होईना, पहाटे तीन वाजल्यापासून तें अंथरुणावर नुसतें बसून राहूं लागलें, म्हणजे घरचीं माणसें एकमेकांकडे पाहून म्हणतात, ‘‘वय झालें, चालायचेंच.’’ याच वडील माणसाचा पाय न्हाणीघरांत घसरून मांडीचें हाड मोडलें, तर मात्र ‘चालायचेंच’ असें कोणी म्हणत नाहीं. शेजारी धांवून येतात, गाडी बोलावली जाते, आणि सरकारी योजनेचें कार्ड कोठें ठेवलें आहे याचा कपाटांत शोध सुरू होतो. हाड मोडणें हा रोग आणि मन खचणें हा वयाचा धर्म, असा भेद समाजानें फार दिवस मानला. भारताच्या कायद्यानें तो सन २०१७ मध्यें पुसून टाकला. तथापि कायद्यानें पुसलेला भेद व्यवहारांत किती उरला आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या मनाच्या आजारांत सरकारी विमा प्रत्यक्ष काय देतो व काय देत नाहीं, हें प्रत्येक कुटुंबानें वेळींच समजून घेण्यासारखें आहे.

म्हातारपणीं मनाला ग्रासणारे विकार पुष्कळ असले, तरी त्यांत तीन मुख्य होत. पहिला विषण्णतेचा, याला हल्लीं सर्रास ‘डिप्रेशन’ म्हणतात. तरुण माणूस विषण्ण झाला तर तो निदान ‘उदास वाटतें’ असें सांगतो. वृद्ध माणूस तसें क्वचितच सांगतो. तो म्हणतो, ‘‘अंग दुखतें, पोट साफ होत नाहीं, झोंप लागत नाहीं.’’ त्यामुळें पोटाचीं औषधें बदलत राहतात आणि मूळ दुखणें तसेंच राहतें. दुसरा विकार स्मृतिभ्रंशाचा. एखाद्या ओळखीच्या माणसाचें नांव पटकन् न आठवणें निराळें, आणि तीस वर्षें ज्या रस्त्यानें मंडईंत जाणें-येणें केलें त्याच रस्त्यावर स्वतःचें घर न सांपडणें निराळें. हा विकार मेंदूच्या ऱ्हासामुळें होतो व वर्षानुवर्षें सावकाश वाढत जातो. तिसरा विकार आकस्मिक संभ्रमाचा. काल संध्याकाळपर्यंत नीट बोलणारें माणूस आज सकाळीं असंबद्ध बडबडूं लागतें, पोटच्या मुलाला ओळखीत नाहीं, रात्रीचा दिवस करतें. याचें मूळ बहुधा शरीरांत असतें: लघवीच्या मार्गांतील जंतुसंसर्ग, रक्तांतील सोडियमचें घटलेलें प्रमाण, न्यूमोनिया, किंवा एखाद्या औषधाचा दुष्परिणाम. हा तातडीचा आजार होय. त्यांत त्याच दिवशीं इस्पितळ गांठलें पाहिजे.

हे तीन विकार एकमेकांपासून निराळे ओळखणें महत्त्वाचें आहे. कारण तिघांचें भवितव्य निराळें आहे. विषण्णता उपचारानें बरी होण्यासारखी असते. संभ्रमाचें शारीरिक कारण सांपडून तें दूर झालें, तर माणूस बहुधा पूर्ववत् होतो. थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावल्यानें किंवा ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या उणिवेनें आलेला विसराळूपणा साध्या रक्ततपासणीनें कळतो व औषधानें सुधारूं शकतो. खरा स्मृतिभ्रंश बहुधा बरा होत नाहीं. परंतु तो आरंभींच कळला तर पैशांची, औषधांची आणि पुढील देखभालीची व्यवस्था रुग्णाच्या स्वतःच्या संमतीनें लावतां येते. ‘वय झालें’ या दोन शब्दांत या सर्व शक्यता एकदमच गाडल्या जातात.

हा प्रश्न मूठभर घरांपुरता नाहीं. सन २०११ च्या जनगणनेंत साठ वर्षांवरील माणसें सुमारें १० कोटी ३८ लक्ष भरलीं, आणि त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे. देशव्यापी पाहणीच्या आधारें अभ्यासकांनीं केलेला अंदाज असा कीं, साठीपुढील शंभर माणसांमागें सात-आठ जणांना स्मृतिभ्रंश आहे; म्हणजे एकंदर सुमारें ८८ लक्ष रुग्ण. बेंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेनें सन २०१५-१६ मध्यें बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. ती केवळ वृद्धांची नव्हती. पण तींत असें आढळलें कीं, विकाराच्या प्रकाराप्रमाणें ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोंचलेलेच नव्हते. हाड मोडलेल्या शंभर माणसांपैकीं सत्तर जण घरींच पडून राहिले असते, तर देशांत केवढा गहजब झाला असता!

आतां कायद्याकडे वळूं जातां असें दिसतें कीं, मनोरुग्णांसंबंधीं भारतांतील १९१२ चा जुना कायदा मुख्यतः त्यांना कोठें व कसें बंदिस्त ठेवावें याची चिंता वाहणारा होता. सन १९८७ च्या कायद्यानें त्यांत सुधारणा केली. परंतु रुग्णाला उपचार मिळण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला तो ‘मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७’ या कायद्यानें. हा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्यांतील मानसिक आजाराच्या व्याख्येंत विचार आणि भावस्थिति यांच्या जोडीला स्थलकालाचें भान व स्मरणशक्ति यांच्या गंभीर बिघाडाचाहि उल्लेख आहे. वृद्धांच्या दृष्टीनें ही गोष्ट मोलाची आहे. कारण स्मृतिभ्रंशहि त्यामुळें कायद्याच्या छत्राखालीं येतो.

याच कायद्याच्या एकविसाव्या कलमाचें चौथें पोटकलम विम्याविषयीं आहे. त्याचा आशय असा कीं, शरीराच्या आजारासाठीं ज्या पायावर वैद्यकीय विम्याची सोय असेल, त्याच पायावर मनाच्या आजारासाठींहि ती प्रत्येक विमा उतरविणाऱ्यानें केली पाहिजे. तोंपर्यंत विम्याच्या करारांतील अपवादांच्या यादींत मानसिक आजार हा शब्द ठरलेलाच असे. ऑगस्ट २०१८ मध्यें विमा नियामक प्राधिकरणानें सर्व कंपन्यांना या कलमाप्रमाणें वागण्याचा आदेश दिला. तरीहि जुने अपवाद लगेच गेले नाहींत. एका रुग्णाला न्यायासाठीं दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें, आणि सन २०२१ मध्यें त्या न्यायालयानें कायदा अंमलांत आल्या दिवसापासून विमेदार बांधला गेला आहे असा निर्वाळा दिला.

हें झालें हप्ता भरून घेतलेल्या विम्याचें. परंतु सत्तरीनंतर खाजगी विमा मिळणें कठीण, आणि मिळाला तर त्याचा हप्ता निवृत्त माणसाच्या कुवतीबाहेरचा. म्हणून सरकारी योजनेचें महत्त्व. ‘आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना’ २३ सप्टेंबर २०१८ रोजीं सुरू झाली. गरीब कुटुंबांना वर्षाकाठीं पांच लक्ष रुपयांपर्यंत इस्पितळांतील उपचार पैसे न भरतां मिळावे, हा तिचा हेतु. पुढें २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं तिचा विस्तार होऊन सत्तर व त्यापुढील वयाच्या प्रत्येक नागरिकाला, त्याचें उत्पन्न कितीहि असो, तिचें दार उघडें झालें. या विस्ताराचा लाभ सुमारें साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी वृद्धांना व्हावा असा सरकारचा हिशोब आहे. अशा वृद्धाला ‘आयुष्मान वय वंदना’ नांवाचें स्वतंत्र कार्ड मिळतें. वय आधार कार्डावरून ठरतें. जें कुटुंब आधींपासून योजनेंत आहे, त्यांतील सत्तरीपुढच्या माणसांना आणखी पांच लक्षांचें संरक्षण वेगळें मिळतें. तें घरांतील इतरांशीं वांटून घ्यावें लागत नाहीं. मात्र एकाच घरांत असे दोघे वृद्ध असतील, तर हे पांच लक्ष त्या दोघांत मिळून असतात.

मनोरुग्णाला या योजनेचा उपयोग कितपत होतो? योजनेच्या उपचारसूचींत मानसिक विकारांचा स्वतंत्र विभाग आहे. तीव्र विषण्णता, उन्माद, भ्रमिष्टपणा, मेंदूच्या दोषानें झालेले मनोविकार, यांसाठीं इस्पितळांत राहून घ्यावयाचा उपचार तींत बसतो. आणि औषधांना दाद न देणाऱ्या विषण्णतेंत डॉक्टर ज्याचा आश्रय करतात, त्या विजेच्या उपचाराचीहि सोय आहे. दाखल होण्यापूर्वींचे तीन दिवस व घरीं गेल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील तपासण्या व औषधें यांचा खर्चहि योजनेंतच धरला जातो. शिवाय, आजार कार्ड काढण्यापूर्वींचा आहे या सबबीवर कोणाला परत पाठवितां येत नाहीं. जुन्या आजारालाहि पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. ज्याला दहा वर्षांपासून मनोविकार आहे अशा वृद्धाला ही तरतूद फार आधाराची आहे.

परंतु येथेंच योजनेची मर्यादाहि लागते. ती इस्पितळांत दाखल झालेल्या रुग्णासाठीं आहे. दवाखान्यांत येऊन, तपासून घेऊन, औषध घेऊन घरीं जाणाऱ्या बाह्यरुग्णासाठीं ती नाहीं. म्हातारपणींच्या मनोविकारांचा उपचार तर बव्हंशीं बाह्यरुग्ण म्हणूनच होतो. विषण्णतेवरील औषधाचा गुण दिसूं लागण्यास कांहीं आठवडे जातात. बरें वाटूं लागल्यावरहि तें कित्येक महिने चालू ठेवावें लागतें. मधून मधून मात्रा बदलावी लागते, रक्त तपासावें लागतें, आणि तज्ज्ञाशीं बोलणें हाहि उपचाराचाच भाग असतो. यासाठीं खाटेची गरज नसते; गरज असते ती दर महिन्याच्या डॉक्टरच्या भेटीची आणि औषधाच्या चिठ्ठीची. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकीं योजनेची छाया इस्पितळांतील दिवसांवर आणि पुढच्या पंधरा दिवसांवर पडते; बाकीचें वर्ष उन्हांत. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असाच हा कांहींसा प्रकार आहे.

हा दोष कोणी दुष्टपणानें ठेवला असें नव्हे. एका मोठ्या शस्त्रक्रियेनें कर्जबाजारी होणारें कुटुंब वांचवावें, या विचारानें योजना आंखली गेली. आणि दाखल झालेल्या रुग्णाचा हिशोब ठेवणें सोपें, गल्लोगल्लीच्या दवाखान्यांतील भेटींचा ठेवणें कठीण. शरीराच्या आजारांनाहि तोच नियम आहे. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या या योजनेंतून मिळत नाहींत. म्हणजे कायद्यानें सांगितलेली समानता येथें अक्षरशः पाळली गेली आहे. पण दोन आजारांना सारखें वागविलें म्हणून दोघांची गरज सारखी होत नाहीं. मोडलेलें हाड इस्पितळांतच सांधावें लागतें. खचलेलें मन मात्र बहुधा घरीं राहूनच सांवरतें. जो विमा केवळ खाटेचे पैसे देतो, तो पहिल्याला पुरा पडतो आणि दुसऱ्याला अर्धाच.

मग उरलेल्या वर्षाचें काय? त्याचें उत्तर विम्यांत नसून सरकारी दवाखान्यांत आहे. याच २०१७ च्या कायद्याच्या अठराव्या कलमानें सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्यापाशीं तसें कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणीं हे उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत असें म्हटलें आहे. सन १९९६ मध्यें सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा उद्देशहि हाच कीं, रुग्णाला मोठ्या शहरांतील मनोरुग्णालयाची वाट धरावी लागूं नये. महाराष्ट्रांत पुणें येथील येरवडा, ठाणें, नागपूर व रत्नागिरी अशीं चार प्रादेशिक मनोरुग्णालयें आहेत. गोव्यांत बांबोळी येथें मनोविकारांची सरकारी संस्था आहे. यांच्या बाह्यरुग्ण विभागांत जाणें म्हणजे ‘वेड्यांच्या इस्पितळांत’ जाणें, ही भीति अजून घरोघर आहे आणि तिनें पुष्कळांचें नुकसान केलें आहे. ज्याला घराबाहेर पडणेंच जमत नाहीं, त्याच्यासाठीं १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्रीं केव्हांहि दूरध्वनि करावा. मराठींत बोलणारा प्रशिक्षित सल्लागार विनामूल्य भेटतो, आणि जरूर वाटल्यास तज्ज्ञाशीं गांठ घालून देतो.

सरकारी नोकरींतून निवृत्त झालेल्यांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. केंद्र सरकारच्या निवृत्तांसाठीं असलेली आरोग्ययोजना, किंवा माजी सैनिकांसाठींची आरोग्ययोजना, ज्यांना लागू आहे, त्यांनीं सत्तरीनंतर ती तरी ठेवावी किंवा आयुष्मान योजना तरी पत्करावी, दोन्ही नव्हेत, असा नियम आहे. पांच लक्षांचा आंकडा ऐकून मन मोहतें. परंतु त्या जुन्या योजनांत बाह्यरुग्णाची तपासणी व नेहमींचीं औषधें यांचीहि सोय असते, आणि मनोविकाराच्या रुग्णाला नेमकी हीच सोय हवी असते. तेव्हां ज्या घरांत असा रुग्ण आहे, त्या घरानें ही अदलाबदल करण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. खाजगी विमा किंवा कामगार राज्य विमा असणारांना मात्र अशी निवड करावी लागत नाहीं. त्यांना दोन्ही ठेवतां येतात.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतींत तर आणखी एक उणीव आहे. या रोगांत मोठा खर्च औषधांचा नसतो. तो सोबतीचा असतो. रुग्णाला न्हाऊं घालणें, भरविणें, दार उघडून तो रस्त्यावर जाणार नाहीं हें पाहणें, एकच प्रश्न दिवसांत चाळीस वेळां विचारला तरी चाळीस वेळां शांतपणें उत्तर देणें, हें काम चोवीस तासांचें आहे. तें बहुधा पत्नी, सून किंवा लेक करते. तिच्या श्रमांची नोंद कोणत्याहि योजनेच्या सूचींत नाहीं. पगारी माणूस ठेवला तर त्याचा पगार विमा देत नाहीं. आणि रात्र-रात्र जागून शेवटीं ही सेवा करणारी व्यक्तिच विषण्ण होते, तेव्हां एका रुग्णाचे दोन रुग्ण होतात.

या अडचणी भारतालाच आहेत असें नाहीं. अमेरिकेंत पासष्ट वर्षांवरील लोकांसाठीं ‘मेडिकेअर’ नांवाची सरकारी विमायोजना आहे. तिच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं ३० जुलै १९६५ रोजीं सही केली. तेथें बाह्यरुग्णाचा खर्चहि विम्यांत धरलेला आहे. पण इतर उपचारांच्या खर्चाचा पांचवा हिस्सा रुग्णानें द्यावयाचा, तर मनोविकाराच्या उपचाराचा निम्मा, असा भेद तेथें कित्येक दशकें चालला. सन २००८ च्या कायद्यानें तो टप्प्याटप्प्यानें कमी करून २०१४ मध्यें संपविला. म्हणजे समानता येण्यास जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं; आणि खास मनोरुग्णालयांतील वास्तव्यासाठीं सबंध आयुष्यांत मिळून १९० दिवसांची मर्यादा तेथें अद्यापि आहे. भारतांत कायद्याची समानता आधीं आली, बाह्यरुग्णाचें संरक्षण मागें राहिलें. अमेरिकेंत उलट झालें. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते कीं, कायदा आणि विमा यांत जी फट राहते ती आपोआप बुजत नाहीं. लोकांनीं ती दाखवून द्यावी लागते.

तोंवर कुटुंबानें काय करावें? पहिली गोष्ट, वय वंदना कार्ड संकट येण्यापूर्वींच काढून ठेवावें. संभ्रमांत पडलेल्या वृद्धाला घेऊन कार्डासाठीं धांवपळ करणें कठीण. दुसरी, जवळचें कोणतें इस्पितळ योजनेंत आहे एवढेंच विचारूं नये, तर मनोविकारांच्या उपचारासाठीं तें योजनेंत आहे काय, हें विचारावें. कारण प्रत्येक इस्पितळाची मान्यता वैद्यकाच्या शाखेवार असते. ही माहिती १४५५५ या क्रमांकावर मिळते, आणि कार्ड असून पैसे मागितले गेले तर तक्रारहि तेथेंच करतां येते. तिसरी, जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या व तपासण्यांचे कागद एका जागीं ठेवावे. चौथी, कायद्यानें प्रत्येकाला दोन अधिकार दिले आहेत: पुढें मनाचा आजार झाल्यास कसा उपचार व्हावा व कसा होऊं नये हें आगाऊ लिहून ठेवण्याचा, आणि आपल्या वतीनें बोलणारा प्रतिनिधि नेमण्याचा. बुद्धि शाबूत असतांनाच हे अधिकार वापरावयाचे असतात.

आणि या सर्वांच्या आधीं करण्याची गोष्ट अगदीं साधी आहे. घरांतील वृद्ध माणूस दोन आठवडे गप्प असेल, जेवत नसेल, झोंपत नसेल, किंवा ‘आतां जगून काय करावयाचें’ असें बोलूं लागलें असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्यावें. योजना, कार्डें आणि कलमें हीं सारीं त्यानंतर कामास येतात. ज्याला घरच्यांनींच रोगी मानलें नाहीं, त्याच्यापर्यंत कोणताहि सरकारी विमा पोंचूं शकत नाहीं.